दोन पत्त्यांचं कार्ड

"आई, मला साठ-सत्तर कार्डं करून देशील?" असं ठकीने विचारलं तेव्हा तिच्या आईने ठशाला शाई लावून तो नुकताच कागदावर टेकवला होता. ठकी गॅलरीच्या दारात उभी होती. खांद्यावर ओली पिशवी, केस अजून न वाळलेले, अंगाला तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास. ती पोहायला शिकवायची आणि सकाळचा वर्ग उरकला की आईकडे चहाला डोकवायची, त्यात नवीन काही नव्हतं. "कसली गं? तुमच्या स्पर्धेची?" आईने मान वर न करताच विचारलं. "नाही. आम्ही वेगळे होतोय. कागदपत्रं झाली सगळी. आता लोकांना कळवायचंय. एकदाच, सगळ्यांना. प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून सांगत बसायची माझ्यात ताकद नाही." ठसा सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा, मधे रेंगाळायचं नाही, हे आई इतकी वर्षं बायकांना शिकवत आली होती. पण हात तिथेच राहिला. उचलला तेव्हा पानाच्या शिरा बुजून गेल्या होत्या आणि कडेने शाई फुटली होती. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चांगला जाड कागद वाया गेला. दुसरा विचार यायला वेळ लागला. तो यायच्या आत ठकी आत गेली होती आणि चहाचं आधण ठेवत होती, आणि स्वयंपाकघरातून नेहमीच्या, तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारत होती, "साखर कुठल्या डब्यात ठेवलीस?"

चहा झाला. भांडण वगैरे काही नाही, ठकी म्हणाली. तो चांगलाच आहे. मीही बरी आहे. "घरी गेलं ना, की पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. तो बोलतो ते ऐकू येतं, पण लांबून. आणि मी काय बोलते ते त्यालाही तसंच ऐकू येत असणार. दोन वर्षं झाली, आई. श्वास घ्यायला वर यायला नको का?" आईला पोहता येत नव्हतं. पाण्याखाली कसं ऐकू येतं ते तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं, "बाबांना सांगितलंस?" ठकी कप विसळत म्हणाली, "तू सांग ना." आणि जाताना दारातून, "चित्र काय काढायचं ते तू ठरव. फक्त रडकं नको."

ठकीचे बाबा विम्याचे सर्वेअर होते. जन्मभर त्यांनी जळलेली गोदामं आणि पाणी शिरलेली तळघरं पाहिली होती. बॅटरी घेऊन जायचं, भिजलेल्या खोक्यांवरून हात फिरवायचा, आणि मालक छाती पिटत असताना आपण शांतपणे विचारायचं, की वायरिंग कधीचं आहे. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नव्हती. आईने सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून?" "कधीपासून म्हणजे?" "गळती. छत काही एका दिवसात खाली येत नाही." तिला त्यांचा राग आला, पण राग आला हे बरंही वाटलं, कारण दुसरं काही वाटायला तेवढीच जागा कमी. ते उठून खिडकीपाशी गेले, पडद्याची कडी सरळ केली, ती सरळच होती. मग पाठमोरे राहून म्हणाले, "म्हणजे आता कवळीवाले यायचे नाहीत आपल्याकडे." कवळीवाले म्हणजे जावई. दातांच्या प्रयोगशाळेत तो कवळ्या बनवायचा, आणि सासऱ्याने थट्टेत दिलेलं ते नाव घरात रूढ झालं होतं. ठकीने ते वाक्य म्हटलं नव्हतं. आईने स्वतः तर मनातल्या मनातसुद्धा त्याच्या आसपास फिरकायचं टाळलं होतं. त्यांनी ते नुकसानीच्या यादीत पहिलं घ्यावं तसं घेतलं आणि टीव्ही लावला, नको इतका मोठा.

तो पहिल्यांदा घरी आला होता तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. ठकी आणि तिचे बाबा कुठल्यातरी सामन्यावरून तावातावाने बोलत होते, आणि त्याला त्यातलं काही समजत नव्हतं हे उघड दिसत होतं. थोड्या वेळाने तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठला आणि गॅलरीत आला. तिथे ठकीची आई ब्लेडने खोडरबराचा तुकडा कोरत होती. बोटांना दोन ठिकाणी चिकटपट्ट्या. औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासायची नोकरी केल्यामुळे तिची नजर तयार होती. लेबल केसभर वाकडं असलं तरी चालत्या पट्ट्यावरून तिला ते बोचायचं. पण हात काही तयार नव्हते. नोकरी सोडल्यावर, ठकी शिकायला बाहेर गेल्यावर, रिकाम्या दुपारी तिने एका मैत्रिणीला वाढदिवसाचं कार्ड करायचं म्हणून बटाटा कापून छाप मारली होती, आणि तिथून हे वेड लागलं ते लागलंच. बटाट्यावरून खोडरबर, खोडरबरावरून रबराच्या लाद्या, जुन्या दाराचं केलेलं हे टेबल, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून रचलेले ठसे, आणि शनिवारी शिकायला येणाऱ्या चार-पाच बायका, ज्या तिला 'ठसेबाई' म्हणायच्या. जावई, तेव्हा तो जावई नव्हता, बराच वेळ नुसता बघत राहिला.  पुढच्या खेपेला एका फडक्यात गुंडाळून त्याने कोरायची हत्यारं आणली. बारीक, लांब दांड्याची, टोकाला चमच्यासारखी, पानासारखी, आकड्यासारखी. "झिजली की आमच्याकडे टाकूनच देतात. कवळीच्या मेणाला चालत नाहीत आता. रबराला चालतील." तिने एक हातात घेतलं, रबरात रोवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून वळण तुटलं नाही. ती नको इतक्या मोठ्याने "अरे वा!" म्हणाली. तो लाजला. आणि लाज लपवायला त्याने एक गोष्ट सांगितली, की कवळीतले सगळे दात एका ओळीत सरळ बसवले तर ते कुणाला खरे वाटत नाहीत. एखादा किंचित वाकडा बसवावा लागतो. तिच्यातल्या लेबल तपासणाऱ्या बाईला हे मुळीच पटलं नाही. "मुद्दाम वाकडं?" ती म्हणाली होती. "तुम्ही मुद्दाम वाकडं करता?" "मुद्दामच करावं लागतं," तो म्हणाला, "चुकून झालेलं वाकडं वेगळं दिसतं." त्यावर त्या दोघांचा चांगला तासभर वाद झाला आणि जेवण गार झालं.

लग्नाची कार्डं तिनेच केली होती. दोन खुर्च्या, एकीमागे एक. ठसा मात्र एकाच खुर्चीचा. त्याची युक्ती सोपी असते: पुढची खुर्ची आधी छापायची, तेवढ्याच आकाराचा पातळ कागद कापून तिच्यावर झाकायचा, मग तोच ठसा जरा सरकवून, झाकणावरून बिनधास्त दाबायचा. झाकण उचललं की दुसरी खुर्ची पहिलीच्या मागे गेलेली असते. नवख्या बायका इथे हमखास गोंधळतात. त्यांना वाटतं जे मागे आहे ते आधी काढायचं. "उलटं आहे," ती त्यांना सांगायची, "जे आधी छापाल ते पुढे राहतं. नंतर येणाऱ्याने मागे जायचं." बायका हसायच्या. एखादी म्हणायची, "आमच्या घरात अगदी अस्संच आहे, बाई." आता संध्याकाळी एकटी टेबलापाशी बसून तिने तो खुर्चीचा ठसा डब्यातून काढला. रबरात शाईची जुनी निळाई मुरली होती. त्या वेळी जावई कामावरून थेट यायचा आणि गरम हवेचं यंत्र धरायचा. ओल्या छापेवर पावडर भुरभुरवून, जास्तीची झटकून, खालून गरम हवा दिली की पावडर क्षणात वितळते, चकाकते, आणि रेघ कागदातून वर उठून येते. बोट फिरवलं तर लागते. ठकीला हे काम कधी धीराने जमलं नाही. ती यंत्र इतकं जवळ धरायची की कागद पोळून तपकिरी व्हायचा. तो हात लांब ठेवून थांबायचा. वाट बघायची असते, ती वेळ आपली नसते, पावडरची असते, असं काहीतरी तो म्हणाला होता. हिने आत्ता बसल्या बसल्या मोजायला घेतलं, की ठकी आणि तो मिळून, दोघंच, या टेबलाशी कधी बसले होते का. एकही वेळ आठवेना. बसले होते ते ही आणि तो. ठकी आत बाबांबरोबर सामना बघत असायची. मग हे लग्न नक्की कुणाचं होतं, असा एक विचित्र प्रश्न तिच्या मनात येऊन गेला, आणि तिने घाईघाईने डबा बंद केला, जणू तो प्रश्न डब्यातूनच निघाला होता.

डब्यांवर तिने चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. जन्म, वाढदिवस, लग्न, आभार, लवकर बरे व्हा, सांत्वन. वेगळं होण्याचा डबा नव्हता. ज्या गोष्टीचं कार्ड नसतं ती लोकांना सांगायची कशी, असा विचार तिने पूर्वी कधी केला नव्हता. तिने खटाटोप सुरू केला. आधी फिकी छाप: ठशाला एकदाच शाई लावायची, पहिली खुर्ची गडद उमटते, मग पुन्हा पॅडला न लावता, ठसा तोंडाजवळ धरून त्यावर 'हा' करून उबदार फुंकर घालायची, रबरावर वाळत आलेली शाई तेवढ्याने ओलसर होते, आणि दुसरी खुर्ची उमटते, पण पुसट, निघून गेल्यासारखी. फुंकर घालताना तिला ओशाळल्यासारखं झालं. श्वासानेच हे होतं, दुसऱ्या कशाने होत नाही, ही गोष्ट तिला नेहमी गमतीची वाटत आली होती, आज वाटली नाही. मग तिने दुसरं करून पाहिलं. बिनरंगी चिकट शाईने छाप मारायची, तिच्यावर बिनरंगी पावडर वितळवायची. कागद कोराच दिसतो. आणि मग स्पंजाने वर रंग थापत गेलं की जिथे छाप आहे तिथे रंग बसत नाही, आणि नसलेली गोष्ट पांढरी होऊन दिसायला लागते. निळ्या रंगातून पांढरी खुर्ची वर आली तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली. थोडा वेळ तिला हे कार्ड कशासाठी आहे याचा विसर पडला होता. तो विसर सुखाचा होता, आणि तो सरल्यावर तिला कळलं की इतके दिवस ती ठकीसाठी नव्हे, आपल्या स्वतःच्या दुःखासाठी चित्र शोधते आहे.

ठकीने नमुने पाहिले. उभ्यानेच, चहाचा कप हातात धरून. पुसट खुर्चीवर बोट ठेवून म्हणाली, "हे भूत कुणाचं, माझं की त्याचं?" पांढऱ्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली. "सुंदर आहे," ती म्हणाली, "पण आई, हे बघून लोक फुलं घेऊन येतील. कुणी गेलेलं नाहीये." "मग तूच सांग काय काढू. मला नाही कळत. मी काय आनंदाची फुलं काढू?" आवाज चढला हे तिला बोलून झाल्यावर समजलं. ठकीने कप खाली ठेवला. "तो काय म्हणाला सांगू? मी त्याला विचारलं, तुला कसं हवंय. तो म्हणाला, मला दुःख कळवायचं नाहीये, पत्ता कळवायचाय. त्याने खोली घेतलीय, त्याच्या कामाच्या रस्त्यावरच. मी तलावाजवळ घेतेय. पत्रं, पार्सलं जुन्या पत्त्यावर जायला नकोत. तेवढंच." तेवढंच. आईला हसू आलं. ती खरोखर हसली आणि ठकीही हसली, आणि दोघींनाही वाटलं की हे बरोबर त्यालाच सुचणार. 

तिने खिडकीचा ठसा कोरला. साधी खिडकी, दोन तावदानं, खाली चौकटीची पट्टी, पडदा नाही, कुंडी नाही. कोरताना तिच्या हातात त्याचंच हत्यार होतं, आकडा असलेलं. दुसरं हत्यार घ्यावं का, असा विचार तिने केला आणि तो मूर्खपणाचा म्हणून सोडून दिला. हत्याराला काय माहीत. कागद आडवा धरला. डाव्या टोकाला खिडकी, उजव्या टोकाला तीच खिडकी, एक हिरवी, एक करडी. ठसा एकच असल्यामुळे दोन्ही सारख्या मापाच्या, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, झाकणाची गरज नाही. प्रत्येक खिडकीखाली त्या त्या माणसाचा नवा पत्ता, आणि वर एका ओळीत, की आम्ही आता वेगवेगळ्या घरांत राहतो, दोघांकडेही जरूर या. ठकीने ते पाहिलं, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "मधे काय येणार?" "मधे काही नाही." "एवढी जागा मोकळीच?" "कागद चांगला आहे," आई म्हणाली. ठकीने मान डोलवली. तिने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली, लहानपणी करायची तशी, आणि तिच्या ओल्या केसांचं पाणी आईच्या मानेवरून आत उतरलं. मग तशीच, आईला तोंड दिसत नसताना, ती म्हणाली, "आई, एक सांगू? तो कार्डं न्यायला येईल. येऊ दे. पण नंतर नको."

"नंतर नको म्हणजे?"

"म्हणजे तो इथे यायला लागला, तर मला इथे यायला जमणार नाही."

"अगं, तो माझ्याकडे येतो. कागदाच्या कडा कापतो, गप्पा मारतो. तुझं काय जातं?"

ठकी सरळ उभी राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला. तिचा आवाज खाली आला की आईला नेहमीच धास्ती वाटायची. "तेच. मी आत बाबांजवळ बसलेली असायची, आणि तो इथे गॅलरीत असायचा. तुला वाटायचं मी सामने बघतेय. मी तुमचं हसणं ऐकत बसायची. तो माझ्याशी असं कधी हसला नाही गं. मला त्याचा राग नाही, तुझाही नाही. पण मला माझी आई परत पाहिजे. निदान थोडे दिवस."

आईने ठसा फडक्याने पुसला. तिला म्हणायचं होतं, तू मला कधी हे सांगितलं नाहीस. तिला म्हणायचं होतं, मी तुलाच बोलवायचे, तू येत नव्हतीस. आणि दोन्ही खरं असूनही त्याचा काही उपयोग नाही, हे तिला बोलायच्या आतच कळलं. त्या रात्री तिला झोप लागली खरी, पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवलं ते गॅलरीतलं हसणं, आणि ते आता आतल्या खोलीत बसून ऐकल्यासारखं आठवलं, भिंतीपलीकडून, शब्द न कळणारं. दोन दिवस ती कामाला बसली की हात थांबायचा. तिने खिडक्या छापल्या, करडी आणि हिरवी, हिरवी आणि करडी. शाई बदलताना ठसा ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा, नाहीतर एक रंग दुसऱ्यात उतरतो. वाळायची वाट पाहताना ती मनात वाक्यं जुळवायची. 'ठकीचं म्हणणं असं आहे की.' नाही. 'तुम्हाला वाईट वाटायला नको, पण.' नाही. 'थोडे दिवस.' थोडे म्हणजे किती, हे त्याने विचारलं तर? तो विचारणार नाही. हेच तर वाईट होतं. तो काहीच विचारणार नव्हता.

रविवारी सकाळी तो आला. ठकीचे बाबा कधी नव्हे ते फिरायला गेले होते, जाताना बूट घालायला त्यांना फार वेळ लागला आणि "त्यांना म्हणावं..." एवढं बोलून पुढचं न सांगताच ते निघाले. तो दारात उभा राहिला, आत यायचं की नाही हे ठरत नसल्यासारखा, आणि तिने "या" म्हटल्यावर आला. तो वाळल्यासारखा दिसत होता. दाढी केली होती, पण कानाखाली एक पट्टा सुटला होता. कार्डं टेबलावर दोन गठ्ठ्यांत होती. त्याने वरचं उचललं, अंगठा खिडकीवर फिरवला. "पावडर नाही वापरली?" "तुमच्याशिवाय कोण धरणार यंत्र? माझा हात भाजतो." हे तिने म्हणायला नको होतं, आणि म्हणून झालं होतं. "आणा," तो म्हणाला, "तुमच्याकडे वेळ असेल तर." पावडर ओल्या छापेवरच धरते, वाळलेल्या छापांवर तिचा उपयोग नसतो. म्हणजे सगळ्या खिडक्या चिकट शाईने पुन्हा, बरोबर त्याच जागी छापाव्या लागणार होत्या, रेघेवर रेघ. लेबलं तपासणाऱ्या नजरेलाच जमेल असं काम. दोघांनाही ते माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणी राहू दे म्हणालं नाही.

तर ती छापत गेली आणि तो फुगवत गेला. तिने ठसा टेकवायचा, उचलायचा, कार्ड त्याच्याकडे सरकवायचं. त्याने पावडर भुरभुरवायची, झटकायची, उरलेली कागदाच्या घडीतून बरणीत परत ओतायची, आणि खालून गरम हवा. यंत्राच्या आवाजात बोलता येत नव्हतं, ते सोयीचं होतं. काही छापा चुकल्या. एखाद्या खिडकीला केसभर सरकलेली दुसरी कडा आली, दुहेरी दिसायला लागली. तिने ती कार्डं बाजूला काढायला हात पुढे केला तर त्याने मान हलवली आणि ती गठ्ठ्यातच ठेवली. तिने पुढचं कार्ड घेतलं. उन्हाचा तुकडा टेबलावरून त्याच्या मनगटावर आला आणि पुढे गेला. काम संपलं तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. घरात काही केलेलं नव्हतं. तिने भराभर अंडी फेटली, पाव भाजला, आणि दोघांनी गॅलरीतच, पावडरचे कण झटकून, जेवून घेतलं. तो नेहमीसारखा गुपचूप, खाली बघून जेवला. पाणी पुष्कळ प्याला. ताटली उचलून ठेवायला तो उठला तेव्हा तिने सगळी जुळवलेली वाक्यं सोडून दिली आणि सांगून टाकलं.

"ठकीला तुम्ही इथे यायला नको आहात. सध्या तरी. तिचं म्हणणं मला पटतंय. मला आवडत नाही, पण पटतंय."

तो ताटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. "हो," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं." नंतर जरा वेळाने, "तिचं बरोबर आहे. मी इथे लपायला यायचो. तिला दिसत होतं ते. मला नव्हतं दिसत." त्याने ताटली मोरीत ठेवली, विसळली, पालथी घातली. हात पुसले. आणि कार्डांचा गठ्ठा पिशवीत भरताना, एखादी बारीकशी शंका विचारावी तसं विचारलं, "कधी रस्त्यात भेटलो, तर मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"आत्तापर्यंत काय म्हणत होतास?"

तो विचारात पडला. "काहीच नाही," तो म्हणाला. "मी नेहमी तुम्ही बघेपर्यंत थांबायचो."

ती हसायला लागली. त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसताच दोघांच्याही ध्यानात आलं की ती त्याला 'तू' म्हणाली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जावई होता तोवर ते तोंडात आलं नव्हतं. तिने ते मागे घेतलं नाही. "नीट जा," ती म्हणाली, "आणि कानाखाली दाढी राहिलीय तुझी." तो कान चोळत जिना उतरला. ती वरून बघत राहिली नाही. आत येऊन पॅडांची झाकणं लावली, कारण उघडी राहिली की शाई सुकते.

संध्याकाळी ठकी आली. तिने आपला गठ्ठा पुढे ओढला, खिडकीवर बोट फिरवलं, उठलेली रेघ तिच्या बोटाला लागली, आणि ही कुणी उठवली ते तिने विचारलं नाही. पाकिटांवर ती नावं घालायला बसली. तिचं अक्षर मोठं, उताराला लागलेलं. आई शेजारी बसून पाकिटं चिकटवत होती. बाबा आत होते, टीव्ही बंद होता. या टेबलाशी ठकी इतका वेळ कधी बसली नव्हती, असं आईच्या मनात आलं, पण ते तिने मोठ्याने म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर ती उठली असती. चार-पाच पाकिटं झाल्यावर ठकी मान वर न करता म्हणाली, "काय म्हणाला?"

"तुझं बरोबर आहे म्हणाला."

ठकीचं पेन थोडं थांबलं आणि पुन्हा चालायला लागलं. "जेवला?"

"जेवला."

"काय केलं होतंस?"

"काही नाही गं. अंडी, पाव."

"अंड्यात मीठ कमी घातलं होतंस ना? त्याचं रक्तदाबाचं निघालंय, मागच्या महिन्यात. डॉक्टरांनी..." आणि ती थांबली. पेन कागदावर टेकलेलं राहिलं, त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. आईने तो पाहिला.

"हो," आई म्हणाली, "कमीच घातलं होतं."

तिने नेहमीसारखं सढळ हाताने घातलं होतं, आणि तो सगळं संपवून गेला होता.